पहिला अल्बम, जुना आवाज : साठ-सत्तरच्या दशकातला रॉक बेळगाव भागात कसा ध्वनिमुद्रित करायचा?

टिळकवाडी_ट्रेमोलो

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नव्या बँडची पोरं इथे एकच प्रश्न परत परत विचारतात : "पहिला अल्बम जुन्या रेकॉर्डसारखा वाजायला हवा, कुठला प्लगइन (आवाज बदलणारं सॉफ्टवेअर) घेऊ?" त्याचं नीट उत्तर एका जागी असावं म्हणून हा धागा. डोळ्यांपुढे असा बँड धरा : दोन गिटार, बेस, ड्रम, गाणी मराठी आणि एखादं कन्नड. हाताशी आठ इनपुटचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडायचा डबा), पाच-सहा माइक आणि काही दिवस वापरायला मिळालेली मोठी खोली.

माझं मत असं की जुनेपणा मिक्सिंगच्या वेळी वरून लावता येत नाही. माइक किती लावले, कोण कुठे बसलं, गाणं सगळ्यांनी एकदम वाजवलं का, आणि काय वाजवायचं टाळलं, यातच तो ठरून जातो.

द स्ट्रोक्स या न्यूयॉर्कच्या बँडचा २००१ सालचा पहिला अल्बम 'इज धिस इट' घ्या. ११ गाणी, जेमतेम ३६ मिनिटं. ऐकताना सत्तरच्या दशकातलं न्यूयॉर्क आठवतं, द व्हेल्वेट अंडरग्राउंड आणि टेलिव्हिजन या बँडची छाप उघड दिसते. पण तो टेपवर घेतलेला नाही. निर्माता गॉर्डन राफेल याने तो एका तळघरातल्या छोट्या स्टुडिओत संगणकावर घेतला. ड्रमला तीनच माइक होते. गायक ज्युलियन कासाब्लांकासचा आवाज सरावाच्या छोट्या पीव्ही अँपमधून काढून परत माइकने पकडला. वरून भर घातलेले थर फार थोडे. म्हणजे रेट्रो वाटणारा हा अल्बम संगणकावरच झालाय. जुनी होती ती काम करायची पद्धत.

तेव्हा सुरुवात खोलीपासून करा. आपल्याकडच्या खोल्यांत शहाबादी नाहीतर गुळगुळीत फरशी आणि समोरासमोर उघड्या भिंती. मधोमध उभं राहून टाळी वाजवा. टाळीनंतर 'ट्रर्र' असा थरथरता आवाज आला तर दोन भिंतींमध्ये तो उड्या मारतोय. एका भिंतीला कापसाच्या गाद्या उभ्या करा, ड्रमखाली जाड सतरंजी घाला, कोपऱ्यांत गाद्यांच्या गुंडाळ्या रचा. पातळ फोम चिकटवू नका. तो वरचा चकाकणारा सूर तेवढा खातो आणि खालचा घुमारा तसाच ठेवतो. मग खोली कोंदट वाटते.

ड्रम, बेस आणि दोन्ही गिटार एकत्र वाजवून घ्या. अँपचा आवाज बेताचा ठेवा आणि मध्ये गादीचा आडोसा करा. एका अँपपासून त्याचा माइक २० सेंमी असेल तर शेजारच्या वाद्याचा माइक त्या अँपपासून किमान ६० सेंमी लांब हवा. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये थोडा सांडणारच, तो सांडलेला हवाच असतो. मात्र सगळ्यांचं वाजवणं पक्कं पाहिजे. एकाची चूक झाली की चौघांनी परत वाजवायचं.

ड्रमवाले, बेसवाले, पुढे बोला.

खानापूर_रिमशॉट

ड्रमचं सांगतो. लेड झेपेलिन, द हू यांच्यासोबत काम केलेला इंग्लिश ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स याच्या नावाने ओळखली जाणारी चार माइकची पद्धत शिका. एक माइक बास ड्रमपुढे, एक स्नेअरजवळ, बाकी दोन कंडेन्सर (जास्त संवेदनशील माइक). पहिला कंडेन्सर स्नेअरच्या बरोबर वर, साधारण १ मीटरवर. दुसरा वाजवणाऱ्याच्या उजवीकडे, फ्लोअर टॉमच्या पलीकडे, टॉमच्या कडेपेक्षा जरा उंच, तोंड हाय-हॅटकडे.

अट एकच : दोन्ही कंडेन्सर स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर पाहिजेत. टेप-मेजर नको, सुतळी घ्या. एक टोक स्नेअरच्या मधोमध दाबून धरायचं, वरच्या माइकपर्यंत ताणून गाठ मारायची, आणि तीच गाठ दुसऱ्या माइकला लागेल असं स्टँड सरकवायचं.

हे का करायचं ते बघा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंमी जातो. दोन माइकमध्ये १७ सेंमीचा फरक पडला तर अर्ध्या मिलिसेकंदाचा उशीर होतो, आणि दोन्ही मिसळले की १००० हर्ट्झच्या आसपासचा सूर एकमेकांना मारतो. फरक ३४ सेंमी झाला तर तेच ५०० हर्ट्झला होतं. स्नेअर पोकळ, पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा येतो आणि पोरं तासन् तास इक्वलायझर फिरवत बसतात.

सूर लावण्याबद्दल : टॉम आणि स्नेअरवर साधा सुती पंचा टाका. साठच्या दशकाच्या शेवटी बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार कापड टाकूनच वाजवायचा. पंचा घसरतो म्हणून कडेला कपड्याच्या चिमट्याने धरा. कातडं नेहमीपेक्षा ढिलं करा. बास ड्रमचं पुढचं कातडं काढू नका, आत दुमडलेली वाकळ नुसती टेकवा. वाकळ दाबून भरली की 'टक' एवढंच उरतं.

आणि झांजा हळू वाजवा ओ. तीन-चार माइकमध्ये झांजा नंतर कमी करता येत नाहीत. व्हेल्वेट अंडरग्राउंडची मो टकर उभी राहून, बास ड्रम आडवा ठेवून वाजवायची आणि झांजांना फारसा हात लावायची नाही. गिटारला केवढी जागा मिळते, ऐकून बघा.

कॅम्प_कॉर्ड

सुतळी लावली, अंतर सारखं आहे, तरी बास ड्रम पातळच येतोय. अशा वेळी काय करायचं?

खानापूर_रिमशॉट

बास ड्रमच्या माइकची फेज (आवाजाच्या लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून बघा, सॉफ्टवेअरमध्ये Ø अशा खुणेचं बटण असतं. दोन्हींपैकी ज्यात खालचा आवाज भरदार लागतो ते ठेवा. मग स्नेअरच्या माइकचंही तसंच. हे ध्वनिमुद्रणाच्या आधीच ठरवा, आणि सगळे माइक एकत्र, मोनोत ऐकून ठरवा. एकेक माइक सुटा ऐकून यातलं काही कळत नाही.

निपाणी_चार_तारा

बेसला फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून सपाट गुळगुळीत असलेल्या, तारा लावा. बाकी सगळं नंतर. साध्या राउंडवाउंड तारांची घसट आणि टणत्कार ऐकला की गाणं आजचं आहे हे लगेच कळतं. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन फेंडर प्रिसिजन बेसवर फ्लॅटवाउंड वाजवायचा आणि तारा बदलायच्या भानगडीत पडायचा नाही.

बेसच्या पुलाजवळ (ब्रिजजवळ), तारांच्या खाली स्पंजची पट्टी सरकवा. भांडी घासायच्या स्पंजचा हिरवा खरखरीत भाग सोलून टाकायचा, उरलेल्या पिवळ्या भागाची तारा हलक्या उचलल्या जातील एवढ्या जाडीची पट्टी कापायची. स्वर 'डुम्' असा उमटून लगेच विरला पाहिजे. फार जाड झाली की नुसता ठोका ऐकू येतो आणि स्वर कळत नाही.

फ्लॅटवाउंडचा ताण जास्त असतो. मान थोडी वाकते, १२व्या पट्टीवरचा सूर चढा लागतो. तारा लावून एक दिवस ठेवा, मग मानेतला ट्रस रॉड पाव फेरा घट्ट करा, पुलावरचं इंटोनेशन (वरच्या पट्ट्यांवरचा सूर) परत जुळवा. रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी नव्या तारा चढवू नका.

गल्ली_गिटार

दोन गिटार एकच कॉर्ड एकाच जागी वाजवत असतील तर ती एकच गिटार समजा. टेलिव्हिजनमध्ये टॉम व्हर्लेन आणि रिचर्ड लॉइड एकमेकांच्या मोकळ्या जागेत वाजवतात. तसं बसवायचं : एकाने वरच्या तीन तारांवर तीन स्वरांची कॉर्ड छोट्या ठोक्यांत, दुसऱ्याने खाली एकेका स्वराची ओळ. मिक्समध्ये एक पूर्ण डावीकडे, दुसरी पूर्ण उजवीकडे. डिस्टॉर्शन तुम्हाला वाटतं त्याच्या निम्म्याने कमी करा. जुन्या रेकॉर्डवरची गिटार अँप जरा जास्त उघडल्यामुळे फाटते, त्यामुळे जोराचा ठोका फाटतो आणि हळूचा स्वच्छ येतो. पेडलने सगळंच सारखं फाटलं की हा फरक गेला.

बारा तारांच्या गिटारचा किणकिणाट हवा असेल तर महागडी गिटार नको. १२ तारांचा एक संच आणा आणि त्यातल्या फक्त बारीक तारा साध्या सहा तारांच्या अकूस्टिकवर चढवा. वरच्या दोन नेहमीच्याच, खालच्या चार एक सप्तक वर. जाडी (इंचात) साधारण अशी : ई ०.०१०, बी ०.०१४, जी ०.००९, डी ०.०१२, ए ०.०१८, खालची ई ०.०२७. जी ची तार सगळ्यात जास्त तुटते. सूर लावताना शेवटचा अर्धा स्वर सावकाश चढवा आणि वरच्या नटची खाच खरखरीत असेल तर पेन्सिलचं शिसं घासा. मग नेहमीच्या अकूस्टिकवर वाजवलेला भाग आणि हा भाग, दोन्ही अगदी सारखे वाजवून एकमेकांवर ठेवा.

वायरमन_वडगाव

आवाजात घरघर आली की लोक केबलला शिव्या देतात. आधी वीज बघा की.

एकसारखा खालचा 'हूं' म्हणजे ५० हर्ट्झ, बहुतेक वेळा आर्थिंगचा घोळ किंवा अर्थ लूप. अँप एका खोलीतल्या सॉकेटवर आणि संगणक दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर असेल तर लूप होतो. सगळं एकाच बोर्डवर आणा. लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा, घरघर गेली तर चार्जर दोषी. तरी राहिली तर डीआय बॉक्सवरचं (वाद्य इंटरफेसला जोडायचा डबा) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे सिग्नलच्या केबलमधला अर्थचा दुवा तोडणारं बटण, दाबा.

अँपची आर्थिंगची पिन कधीही काढू नका. जुन्या व्हॉल्व्ह अँपमध्ये काही बिघडलं तर कॅबिनेटवर करंट येतो, आणि गिटारच्या तारा हातात असताना ओठ माइकला लागले की जीव जाऊ शकतो.

चिरचिरा 'झ्झ्झ' असेल तर ट्यूबलाइट, डिमर किंवा पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. सिंगल कॉइल पिकअपला तो हमखास लागतो. गिटार घेऊन जागेवरच हळूहळू वळा, एका दिशेला आवाज एकदम पडतो, तिथेच खुर्ची मांडा. घरचे कित्येक इन्व्हर्टर चौकोनी लाट देतात, त्यावर रेकॉर्डिंग करूच नका. वीज गेली की थांबायचं. एप्रिल-मेमध्ये आर्थिंगच्या खड्ड्यातली माती सुकते, तिथे बादलीभर पाणी ओतून ठेवा, फरक पडतो.

रीळवाला_शहापूर

धागाकर्त्याचं बरंच पटलं, पण टेपला इतकं बाजूला सारू नका. टेप आवाजाला खरोखरच काहीतरी करते. जोराचे ठोके गोलावतात, वरचा सूर मऊ होतो, आणि हे ठोक्यागणिक कमी-जास्त होतं. फक्त तिच्याकडून काय होईल आणि काय नाही ते माहीत पाहिजे.

व्यावसायिक रीळ सेकंदाला ३८ सेंमी वेगाने चालायची, घरगुती १९ सेंमीने. कॅसेट ४.७६ सेंमीने. एवढ्या कमी वेगात आणि इतक्या अरुंद पट्टीवर हिस, म्हणजे सततची सरसर, येणारच. म्हणून अख्खा अल्बम कॅसेटवर घेण्याऐवजी संगणकावर घ्या आणि तयार मिक्स एकदा कॅसेट डेकमधून काढा, म्हणजे कॅसेटवर भरून परत संगणकावर घ्या. एकेक ट्रॅक वेगळा काढून परत जुळवायला जाऊ नका. डेकचा वेग अर्धा टक्का जरी इकडेतिकडे झाला तरी चार मिनिटांच्या गाण्यात शेवटी सव्वा सेकंदाचा फरक पडतो.

डेक घरात कुठेतरी धूळ खात पडलेला असतोच. चालू करण्याआधी :

हेड आणि फीत ओढणारा कॅपस्टनचा दांडा ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसा, काडी तपकिरी होणं थांबेपर्यंत. फीत दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला अल्कोहोल नको, रबर कडक पडतं. त्याला किंचित साबणाचं पाणी, मग कोरडा कपडा. बेल्ट वितळून डांबरासारखा चिकटला असेल तर नवा टाकण्याआधी पुली पूर्ण साफ करा, नाहीतर आवाज लहरत राहतो. मग ॲझिमथ, म्हणजे फितीशी हेडचा कोन : ओळखीची मोनो कॅसेट लावा, हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवा, वरचा सूर जिथे सगळ्यात स्वच्छ लागतो तिथे थांबा.

हिस कमी करणारं डॉल्बी बी रेकॉर्ड करताना बंद असेल तर ऐकतानाही बंद. एकीकडे चालू आणि एकीकडे बंद ठेवलं की आवाज एकतर बुजतो नाहीतर टोचतो. सी-६० घ्या, सी-९०ची फीत पातळ असते, लवकर ताणली जाते.

आपल्या पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट डेकमध्ये घालू नका. ती हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटनाही लागण होते.

तीन हेडचा रीळ डेक मिळाला तर खरा टेप एको करता येतो. रेकॉर्ड हेड आणि प्लेबॅक हेडमधलं अंतर भागिले वेग, तेवढा उशीर. अंतर ३ सेंमी आणि वेग १९ सेंमी असेल तर साधारण १६० मिलिसेकंद. गायकाच्या आवाजाला एकच परतावा ठेवा, मिक्समध्ये जेमतेम जाणवेल इतका.

टिळकवाडी_ट्रेमोलो

मान्य. मिक्स एकदा डेकमधून काढायचं हे पटलं. एकच सुचवणं : मूळ डिजिटल मिक्स जपून ठेवा आणि दोन्ही एकाच आवाजाच्या पातळीवर लावून तुलना करा. पातळी अर्धा डेसिबल जरी वर गेली तरी तेच 'उबदार' वाटायला लागतं.

पट्टी_काळी_एक

इथे न्यूयॉर्क झालं, लंडन झालं. आपल्या जुन्या आवाजाचं काय? सिमला बीट स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या संकलनांवर भारतातले गराज बँड आहेत, ते ऐका. आर. डी. बर्मनची सत्तरच्या दशकातली गाणी ऐका, त्यातली गिटार आणि ऑर्गन कुठल्याही इंडी बँडला शिकवतील. आणि पेटी! पेटीवादक पं. रामभाऊ विजापुरे यांच्या बेळगावात पेटी वाजवणारा मिळणार नाही असं होत नाही. साठच्या दशकातल्या बँडनी जिथे व्हॉक्स किंवा फार्फिसा कंपनीचा इलेक्ट्रिक ऑर्गन वापरला तिथे आपल्या बँडने पेटी वापरावी, असं मला मनापासून वाटतं.

करताना एवढं सांभाळा. पेटीचे सूर पक्के, ते हलत नाहीत. बऱ्याच पेट्या ४४० हर्ट्झच्या नेमक्या प्रमाणावर नसतात. म्हणून आधी पेटीचा पांढरी सहा, म्हणजे ए, ट्यूनरवर बघा. ४४३ आला तर ट्यूनर ४४३वर लावून गिटार आणि बेस त्यावर मिळवा. उलटं करायला गेलात तर अख्खं गाणं बेसूर.

गायकाची पट्टी काळी एक (सी शार्प) असेल तर गिटार अर्धा स्वर खाली उतरवा, मग डी च्या उघड्या कॉर्डचा आकार काळी एकलाच वाजतो. उतरवलेल्या तारा ढिल्या लागतात, एका नंबरने जाड संच लावा.

माइक मागच्या भात्याकडे लावू नका, फुसफूस येते. वरच्या बाजूने, पट्ट्यांपासून ४० सेंमीवर. पट्ट्यांची खटखट जास्त असेल तर माइक अजून उंच न्या. घेतलेला आवाज गिटार अँपमधून परत काढा आणि अँपचा ट्रेमोलो सेकंदाला पाचेक हेलकावे एवढा लावा. भजनातली पेटी आहे हे पहिल्या दोन मात्रांत ओळखूही येत नाही.

कॅम्प_कॉर्ड

अँपमधून परत काढायचं म्हणजे इंटरफेसमधून सरळ वायर लावायची का? गायकाचा आवाजही तसाच घ्यायचाय.

वायरमन_वडगाव

सरळ लावू नका. इंटरफेसचा आउटपुट गिटारच्या मानाने फार जोरात असतो, अँपचा इनपुट नको तसा फाटतो आणि घरघरही येते. मध्ये हा आउटपुट गिटारच्या पातळीवर आणणारा रिअँप बॉक्स हवा. तो नसेल तर ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय उलटा जोडता येतो : इंटरफेसकडून त्याच्या एक्सएलआरमध्ये, आणि त्याच्या इनपुटच्या भोकातून अँपला. त्यासाठी डीआयच्या एक्सएलआरमध्ये बसेल अशा जेंडरचा ॲडाप्टर लागेल. आउटपुट अगदी तळाशी ठेवून सावकाश वाढवा, फँटम पॉवर (इंटरफेसमधून माइकला जाणारी वीज) बंद.

टिळकवाडी_ट्रेमोलो

गायकाच्या आवाजासाठी : छोटा अँप, स्पीकरपासून ५ सेंमीवर डायनॅमिक माइक, मधोमध न लावता शंकूच्या अर्ध्या त्रिज्येवर. अँपचा आणि स्वच्छ असे दोन्ही ट्रॅक मिसळा. मराठीत भ, फ, ख, ठ असे श्वासाचे वर्ण ओळीओळीत येतात, अँपमधून ते फटाफट फुटतात. अँपकडे पाठवण्याआधी ट्रॅकचा १२० हर्ट्झखालचा भाग कापा. अँपच्या ट्रॅकवर ५ किलोहर्ट्झच्या वरचं उतरवा, म्हणजे स, श टोचणार नाहीत. शब्द कळत नसतील तर स्वच्छ ट्रॅक वाढवा, पहिल्या अल्बममध्ये शब्द कळायलाच हवेत.

दुहेरी आवाज हवा असेल तर दोनदा गा. बीटल्सच्या जॉन लेननला दोनदा गायचा कंटाळा, म्हणून १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओतल्या केन टाउनसेंडने टेपवर आपोआप दुहेरी करायची युक्ती काढली. संगणकावर तीच करायची तर प्रत ३० मिलिसेकंद मागे सरकवा आणि तो उशीर किंचित हलता ठेवा. स्थिर ठेवला तर यंत्रासारखं वाटतं.

रिव्हर्बसाठी जुन्या घराचा जिना वापरा. खाली स्पीकर भिंतीकडे तोंड करून, वर माइक भिंतीकडे तोंड करून. आवाजाचा ट्रॅक स्पीकरमधून वाजवा आणि जिन्याचा घुमारा वेगळ्या ट्रॅकवर घ्या.

खानापूर_रिमशॉट

खानापूरकडच्यांनी जून ते सप्टेंबर हे काहीच धरू नये. कौलांवर किंवा पत्र्यावर पाऊस सुरू झाला की शांत गाण्यात तो येतोच, आणि नंतर काढता येत नाही. लाकूड फुगतं, ड्रमचा सूर दर तासाला हलतो. सराव पावसाळ्यात, ध्वनिमुद्रण नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

निपाणी_चार_तारा

अल्बममध्ये एखादं जुनं सिनेमाचं गाणं रॉक करून घालायचं असेल तर? बरेच बँड घालतात.

पट्टी_काळी_एक

आधी परवानगी. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने कलम ३१सी आलं. त्यानुसार कव्हर करता येतं, पण पहिलं ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षं उलटलेली हवीत, आगाऊ सूचना द्यावी लागते, आणि दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. शिवाय चाल किंवा शब्द तांत्रिक गरजेपलीकडे बदलता येत नाहीत. नव्या बँडला हा मार्ग परवडत नाही. सरळ हक्कधारकाकडून लेखी परवानगी घ्या, नाहीतर स्वतःचंच अकरावं गाणं लिहा. जुन्या रेकॉर्डचा तुकडा उचलायचा असेल तर ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि गाण्याचा हक्क वेगळा, दोन्ही परवानग्या लागतात.

रीळवाला_शहापूर

शेवटच्या टप्प्याचं. मास्टर फार दाबू नका. स्पॉटिफाय साधारण -१४ लफ्सवर (गाणं सरासरी किती मोठं वाजतं त्याचं माप) सगळं आणून ठेवतं, त्यामुळे ठोकून मोठा केलेला अल्बम तिथे खाली उतरवला जातो आणि नुसता चपटा राहतो. शिखर -१ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

एलपी काढायचा विचार असेल तर आत्ताच ठरवा. ३३⅓ च्या १२ इंची तबकडीवर एका बाजूला १८ ते २० मिनिटं चांगली बसतात, जास्त भरलं की खाचा अरुंद होतात आणि आवाज उतरतो. १५० हर्ट्झखालचं सगळं मधोमध ठेवा, बेस एका बाजूला नेला तर सुई उडते. मध्याकडे जाताना वरचा सूर फाटायला लागतो, म्हणून झांजा-गिटारचं दणकेबाज गाणं प्रत्येक बाजूच्या सुरुवातीला आणि शांत गाणं शेवटाला.

कॅम्प_कॉर्ड

आणि कॅसेट काढली तर? दहा गाणी, ३५ मिनिटं होतायत.

रीळवाला_शहापूर

कॅसेट करून देणारे फीत हव्या त्या लांबीची भरतात. दोन्ही बाजूंची वेळ सेकंदासकट काढा, मोठी बाजू 'ए' ठेवा, आणि तिच्यापेक्षा अर्धा मिनिट जास्त फीत मागा. बाजू १८ आणि १७ मिनिटांच्या असतील तर प्रत्येक बाजूला साडेअठरा, म्हणजे ३७ मिनिटांची कॅसेट सांगायची. 'बी' मोठी ठेवली तर 'ए' संपल्यावर ऐकणाऱ्याला रिकामी फीत पुढे ढकलत बसावं लागतं. मास्टर देताना प्रत्येक बाजूची एकच सलग फाइल द्या, गाण्यांमधली शांतता तुम्हाला हवी तेवढी आधीच घालून.